कान तुटला म्हणून दिवा फेकायचा काय?

पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड या भागांत मोसंबी, डाळिंब आणि आल्याच्या शेतीत छोट्या ट्रॅक्टरने चांगलाच जम बसविला आहे. यातील बरेच ट्रॅक्टर आता जुने झाले आहेत. इंजिन ठणठणीत, गिअर व्यवस्थित, मात्र समोरचा दिवा तारेने नाहीतर सुतळीने बांधलेला, असे ट्रॅक्टर आपण नेहमी पाहतो. कारण अगदी क्षुल्लक असते. दिवा ज्या प्लास्टिकच्या कानांवर बसतो, त्यांपैकी एखादा तुटलेला असतो.

यात दरवेळी शेतकऱ्याचा निष्काळजीपणा असतो असे नाही. डिझेल इंजिनाची थरथर, मराठवाड्याचे ऊन आणि हॅलोजन बल्बची उष्णता यांनी प्लास्टिक ठिसूळ होते. त्यात स्क्रू जास्त आवळला गेला की भेग पडलीच. दुकानात सुटा कान बहुधा मिळत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो. मॉडेल बंद झाले असेल तर तोही मिळत नाही. पहाटेच्या बाजारासाठी अंधारात निघालेल्या ट्रॅक्टरचा लोंबता दिवा एक तर झाडाचे शेंडे उजळतो, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. तेव्हा बोटाएवढ्या तुकड्याचा हा प्रश्न शेवटी जिवावर येतो.

आमचे म्हणणे असे की, प्लास्टिकची दुरुस्ती हे जुगाड नसून स्वतंत्र हुनर आहे आणि गॅरेजमधील तरुणांनी ते धंदा म्हणून शिकावे. सध्या तुटलेल्या जागी एम-सील थापून गिऱ्हाईक वाटेला लावले जाते. आठ दिवसांत जोड निखळतो. दोष एम-सीलचा नसतो, प्लास्टिकची जात न ओळखण्याचा असतो. रफूगार जसा कापडाच्याच जातीचा धागा घेतो, तसेच हे काम आहे.

भागाच्या मागील बाजूस बहुधा इंग्रजी अक्षरांत एबीएस किंवा पीपी अशी खूण असते. खूण नसेल तर लहानसा तुकडा पाण्यात टाकावा. एबीएस बुडते, पीपी बहुधा तरंगते. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला घट्ट लेप एबीएसशी एकजीव होतो. पीपीवर मात्र ॲसिटोन चालत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. तेथे पीपीचीच कांडी गरम हवेने वितळवून जोड द्यावा लागतो. दोन्हींत भेगेच्या टोकाला बारीक छिद्र पाडावे म्हणजे भेग पुढे सरकत नाही. आतून स्टीलची जाळी किंवा पत्र्याची पट्टी द्यावी, स्क्रूखाली रबरी वायसर घालावा आणि बेताने आवळावे. कामापूर्वी बॅटरीची तार काढावी. काम मोकळ्या हवेत करावे आणि ॲसिटोन आगीपासून दूर ठेवावे. शेवटी भिंतीसमोर ट्रॅक्टर उभा करून दोन्ही दिव्यांचा झोत जुळवून द्यावा. झोत जुळला नाही तर दुरुस्ती अपुरीच राहिली असे समजावे.

आपल्या शहराला हे अवघड नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे उद्योग वाढले. १९९० मध्ये येथेच प्लास्टिकच्या भागांपासून सुरुवात करणाऱ्या वरॉकने २०१२ मध्ये विस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा वाहनांच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला होता. चिकलठाण्यात प्लास्टिकचे शिक्षण देणारी सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. ज्या शहराने दिवे बनविण्यात नाव कमावले, तेथे दिव्याचा कान जोडणारा कारागीर शोधत फिरावे लागू नये. सिपेट आणि आयटीआय यांनी गॅरेजवाल्यांसाठी या कामाचे संध्याकाळचे छोटे वर्ग घ्यावेत.

कंपन्यांचीही जबाबदारी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची यंत्रे त्या यादीत होती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदाच केला. आपल्याकडेही कंपन्यांनी कान सुटा विकावा आणि प्रत्येक भागावर प्लास्टिकची जात ठळक छापावी, अशी मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

कारागिरांना एवढेच सांगणे आहे की, जोड टिकणार नसेल तर तसे आधीच सांगा. टिकणार असेल तर मजुरी आणि हमीची मुदत पावतीवर लिहून द्या. लिहून दिलेला शब्द पाळला की गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन येते.