अर्ध्या तिकिटाचा संस्कार

मुलाचे खरे वय आपण शाळेच्या दाखल्यावर लिहितो आणि खोटे वय तिकीटखिडकीवर सांगतो. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. म्हणून कंडक्टर जवळ येताना दिसला की सहा वर्षांच्या मुलाच्या कानात 'चार सांग' असे कुजबुजणारे आईबाप पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. त्यांचे मी समर्थन करत नाही. पण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या खिशात खरोखरच पैसे नसत, आणि माहेरच्या लग्नाला किंवा आजारी माणसाला भेटायला जाणे त्यांना टाळता येत नसे. आज तीच कुजबुज थीम पार्कच्या दारात ऐकू येते. तेथे येणारे कुटुंब स्वतःच्या गाडीने आलेले असते, दरवर्षी येत असते, आणि ही सहल कोणी त्याच्यावर लादलेली नसते. तरीही खिडकीपाशी मुलाला सांगितले जाते, "गुडघे जरा वाकवून उभा राहा."

आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत मुलाचे तिकीट उंचीवरून ठरते. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत ते वयावरून ठरते: तीन वर्षांखाली फुकट, नऊपर्यंत मुलाचा दर, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. म्हणून येथे गुडघे वाकवले जातात आणि तेथे वाढदिवस पुढे ढकलला जातो. एकदा आत शिरल्यावर मात्र हेच मूल मोठ्या पाळण्यापाशी टाचा उंचावून उभे असते, कारण तेथे किमान उंचीची अट असते. फ्लोरिडातल्या 'स्पेस माउंटन'साठी ती ४४ इंच आहे. ती अट मुलाच्या अंगावर येणारा अडसर त्याला नीट धरून ठेवील की नाही, यावरून ठरलेली असते. बुटात कापडाच्या घड्या घालून मुलाला तेथे चढवणारे पालक आहेत. सकाळी पैशांसाठी त्याला लहान करायचे आणि दुपारी तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून त्याचा जीव धोक्यात घालून मोठे करायचे! एका दिवसात दोन्हीकडून खोटे मोजून घेतलेल्या त्या मुलाला खऱ्याची ओळख आपण कोणत्या तोंडाने करून देणार?

काटकसरीशी माझे भांडण नाही. शनिवार-रविवार सोडून जावे, तिकीट आधी काढावे, पोटभर न्याहारी करून निघावे, आत विकत मिळणाऱ्या टोप्या आणि फोटो यांना नम्रपणे नकार द्यावा, दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा जावे. यातल्या प्रत्येक गोष्टीत जाणाऱ्याने स्वतःची थोडी सोय किंवा हौस सोडलेली असते. माझा आरोप त्या बचतीवर आहे, जिच्यात आपण काहीही सोडत नाही आणि आपला खर्च गुपचूप दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. वर त्याला हुशारी म्हणतो आणि पुढच्या कुटुंबाला कौतुकाने शिकवतो.

पालकांवर दडपण आहे हे मला मान्य आहे, आणि ते जाणूनबुजून निर्माण केलेले आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा मोठ्यांचा प्रवेश एका डॉलरचा होता. आतल्या खेळांची तिकिटे वेगळी घ्यावी लागत. १९८२ नंतर ती पद्धत संपून एकच प्रवेशदर आला. २०१६ पासून तारखेप्रमाणे दर बदलू लागले, म्हणजे शाळांना सुट्टी असेल तेव्हाच महाग. आज गर्दीच्या दिवसांत तेथील एका दिवसाचा दर २०० डॉलरांच्या पुढे गेला आहे. १९९९ पासून लांब रांग टाळण्याचा एक फुकट परवाना सर्वांना मिळत असे. २०२१ साली त्याच सोयीला पैसे लागले. लेंडिंगट्री या अमेरिकी कंपनीने २०२४ साली केलेल्या पाहणीत डिस्नेला जाऊन आलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी त्या सहलीपायी कर्ज झाल्याचे सांगितले. अठरा वर्षांखालची मुले असलेल्या पालकांत हेच प्रमाण ४५ टक्के होते. चार दिवसांच्या करमणुकीसाठी कर्ज काढणारा समाज दुबळा झाला आहे, आणि दुबळेपणातून लबाडी फार लवकर जन्मते. डिस्नेसारख्या कंपनीच्या लोभाविरुद्ध बोलायचे तर उघड बोलावे, तेथे जाणे थांबवावे. तसे आपण करत नाही. आपण त्या लोभाचे ओझे आपल्याहून अधिक असहाय माणसाच्या पाठीवर टाकतो.

सर्वांत लाजिरवाणे उदाहरण दिव्यांगांच्या सवलतीचे आहे. ज्यांना रांगेत उभे राहता येत नाही, अशांसाठी डिस्नेच्या पार्कांत वेगळी व्यवस्था होती. २०१३ साली 'न्यूयॉर्क पोस्ट'ने बातमी छापली, की मॅनहॅटनमधली काही श्रीमंत कुटुंबे तासाला १३० डॉलर देऊन एक दिव्यांग व्यक्ती भाड्याने नेतात, तिला आपल्या घरचीच दाखवतात आणि रांग ओलांडून पुढे जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने जुनी व्यवस्था बंद करून नियम कडक केले. पण खोटे सांगणे थांबले नाही. रांग टाळण्याची फुकट सोय गेल्यावर दिव्यांगांची सोय हीच काहींना पैसे वाचवण्याची वाट वाटू लागली. २०२४ साली नियम आणखी आवळले. ही सवलत आता मुख्यतः स्वमग्नता आणि तशाच विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती राहिली, आणि इतर आजारांनी ग्रासलेल्या कितीतरी माणसांना तिच्यातून बाहेर पडावे लागले. त्या माणसांचा काय गुन्हा होता? धडधाकट कुटुंबांनी वाचवलेल्या पैशांचे बिल त्यांच्या नावावर फाडले गेले. आपल्या चालत्या-पळत्या मुलासमोर बाप त्याच्या आजाराची खोटी कहाणी सांगतो आणि मूल ती ऐकत उभे राहते. त्या क्षणी त्या मुलाच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाची जी किंमत ठरते, ती पुढे कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाने बदलत नाही.

शाळेचेही असेच आहे. सुट्टीत दर वाढतात म्हणून मुलांना शाळा चालू असताना नेण्याची रीत अमेरिका-इंग्लंडमध्ये रुळली आहे. २०१५ साली इंग्लंडच्या वाइट बेटावरच्या एका वडिलांनी शाळेने परवानगी नाकारली असतानाही सहा वर्षांच्या मुलीला फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला नेले. साठ पौंडांचा दंड झाला, तो त्यांनी भरला नाही. खालच्या न्यायालयांत ते जिंकले. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरले. एका मुलाच्या गैरहजेरीने त्याचे स्वतःचे नुकसान होते आणि सगळ्या वर्गाचे कामही विस्कटते, शिवाय पदराला खार लावून नियम पाळणाऱ्या पालकांवर तो अन्याय आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. मला वाटते, त्या निकालातली ही दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. त्या वडिलांच्या बाजूने एक मात्र म्हटले पाहिजे: त्यांनी जे केले ते उघडपणे केले आणि न्यायालयात उभे राहून निभावले. शाळेत 'ताप आहे' असे कळवून विमानात बसणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी सरळ. अमेरिकेतली आपली कितीतरी मराठी कुटुंबे रविवारी मुलांना मराठी शाळेत नेतात, संस्कार टिकावेत म्हणून मनापासून धडपडतात. त्यांच्यातल्या ज्यांनी तापाचा हा निरोप कधी धाडला असेल, त्यांनी तो आपल्या संस्कारांच्या हिशेबात एकदा मांडून पाहावा.

आता आपल्या घरातल्या बचतीकडे वळू. मूल सांभाळायला एक मुलगी सोबत नेली जाते. बहुधा ती सोळा-सतरा वर्षांची असते, म्हणजे तीही मूलच. तिच्या तिकिटाचे पैसे वाचवायचे म्हणून तिला दाराबाहेर गाडीपाशी बसवतात, किंवा तिकीट काढलेच तर आत एका बाकावर पिशव्यांच्या राखणीला ठेवतात. दिवसभर ती पाळणे वर-खाली होताना पाहत बसते. संध्याकाळी झोपलेले मूल खांद्यावर घेऊन तीच गाडीपर्यंत चालते. पैशांचा हिशेब केला तर एका तिकिटाची बचत झाली. एका माणसाला आनंदाच्या जागी नेऊन आनंदापासून मुद्दाम दूर ठेवले, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. अस्पृश्यता कायद्याने गेली आणि जाती मानत नाही असे आपण सांगतो. पण 'ती बसेल की इथे, तिला कशाला पाळण्यात' या वाक्यात बसलेला माज जुनाच आहे. त्या घरातल्या मुलांना त्याच दिवशी कळते, की माणसे दोन प्रकारची असतात.

रांगेचेही तेच. जास्त पैसे भरणाऱ्याला पुढे नेणारी वेगळी वाट आपल्याकडच्या पार्कांतही आहे, आणि आमच्या सुशिक्षितांना त्यात काही वावगे दिसत नाही, कारण देवाच्या दारात त्यांनी हे आधीच स्वीकारले आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला प्राण पणाला लावून उपोषण केले, ते विठ्ठलाच्या दारात सर्वांना सारखे उभे राहता यावे म्हणून. आज शिर्डीत आणि त्र्यंबकेश्वरात दोनशे रुपये भरले की दर्शन लवकर होते. तीन तास बारीत उभ्या असलेल्या म्हातारीच्या देखत पुढे जाताना ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांना पाळण्याच्या रांगेत तो कशाला वाटेल? पाळी ही विकत घ्यायची वस्तू नाही, ती आपल्याआधी आलेल्या माणसाची आहे, हे मुलाला शिकवण्याची रांगेइतकी चांगली जागा दुसरी नव्हती. ती आपण पैशांच्या हवाली केली.

पण ज्यांच्या अंगावर या सगळ्याचा सर्वांत मोठा खर्च पडतो, ती मुले पार्कच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली महापालिकेने फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी सुरू केली. मुंबईत कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घरात, शिरायला तिकीट नव्हते. डॉक्टरांचा मुलगा आणि त्यांच्या दवाखान्यातल्या शिपायाची मुलगी त्या एकाच गाडीत, त्याच बुटात बसत. तेव्हाचा समाज समतेचा पुतळा नव्हता. पण खेळ ही नगरपालिकेची जबाबदारी आहे, असे तो धरून चालत होता. आज आपल्या प्रभागातल्या बागेत जाऊन पाहा. पाळण्याची साखळी तुटलेली, घसरगुंडीचा पत्रा कापणारा, अर्धी बाग हडपलेली. दुरुस्तीसाठी भांडणार कोण? अर्ज लिहिता येणारी, अधिकाऱ्याला फोन करू शकणारी, वर्तमानपत्रात पत्र पाठवणारी माणसे मुलांना घेऊन तिकिटाच्या बागेत निघून गेली. महापालिकेच्या शाळांचे हेच झाले. आपली मुले काढून घेतली तेव्हा त्या शाळांसाठी उठणारा आवाजही आपण काढून घेतला, आणि मग त्या शाळा वाईट आहेत असे वर तोंड करून सांगितले. खासगी पार्कातल्या चार तिकिटांवर कशी बचत करावी याची चर्चा तासन् तास करणारा मध्यमवर्ग, आपल्या करातून चाललेल्या बागेवर मागच्या वर्षी किती खर्च झाला हे विचारत नाही.

म्हणून ज्यांना खरोखर बचत करायची आहे त्यांनी या वर्षीची सहल रद्द करावी. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलाला ताठ उभे करून पुरते तिकीट काढा, सांभाळायला आलेल्या मुलीचेही काढा आणि पिशव्या तुम्ही धरा. आणि पुणेकरांनो, तुमच्या महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्याचा एक साधा अर्ज असतो. तो आणा, मुलाला शेजारी बसवा, आणि बागेतली साखळी, घसरगुंडीचा पत्रा, पाण्याचा नळ आणि संध्याकाळी सातनंतरचा दिवा ही चार कामे त्याच्याच हातून त्यावर लिहून घ्या. मुलाचे वय विचारले असेल तर खरे लिहा.