हप्ता कमी, मग काय झालं?

बॉस्टनमधली आपली शिकली-सवरली मंडळी घराचा विमा निवडतात कशावरून, तर हप्ता कमी आहे म्हणून! अहो, मेथी घेतानासुद्धा आपण जुडी उलटून पाहतो.

विम्याची रक्कम बाजारभावावरून ठरवायचीच कशाला? त्या भावात जमीनही आली, आणि जमीन काही जळत नाही. विचारायचं ते हे, की जुनं विटांचं घर होतं तसं पुन्हा बांधायला किती लागेल? बीकन हिल हा भाग १९५५ पासून संरक्षित आहे. तिथे रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायलाही मंजुरी लागते. असल्या नियमांपायी वाढणारा खर्च साध्या पॉलिसीत जेमतेम धरलेला असतो. जास्तीचा मागून घ्यावा लागतो.

आणि थंडी! डिसेंबरात लग्नकार्याला महिनाभर पुण्याला यायचं, वर बिल वाचवायला हीटिंग बंद करून यायचं. भिंतीतला पाइप गोठून फुटतो, घरभर पाणी. घर उबदार ठेवलं नसेल, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केले नसतील, तर तिथल्या नेहमीच्या पॉलिसीत ही भरपाई मिळत नाही. कलम छापलेलं असतं हो, पण एजंट सांगत नाही आणि आमचे इंजिनीअर वाचत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, हेही कित्येकांच्या गावी नसतं.