वधस्तंभ वगळून कसली सुवार्ता?

गेल्या उपवासकाळात लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरात एका विद्वान वक्त्यांचं भाषण झालं. त्याची टाइप केलेली प्रत आता मावळातल्या मंडळ्यांमधून हातोहात फिरते आहे. त्यांचं म्हणणं असं : वधस्तंभ हा ख्रिस्ती संदेशाचा गाभा नाही, तो नंतर कोणीतरी तिथे नेऊन बसवला. येशू शिक्षक होता आणि डोंगरावरील प्रवचन हाच त्याचा खरा ठेवा. पहिले ख्रिस्ती लोक क्रूस काढत नसत, मासा काढत. पौलाने मरणाचा सिद्धान्त रचला, रोमच्या बादशहाने त्याचं निशाण केलं आणि पोर्तुगीजांनी ते तलवारीला बांधून इथे आणलं. इंद्रायणीकाठच्या माणसाला ही रक्ताची भाषा परकी वाटते, मुलं तर घाबरतातच. तेव्हा उपदेशकांनी सेवा, प्रेम आणि शांती यांवर बोलावं. क्रूस भिंतीवर शोभेला राहू द्यावा.

टाळ्या भरपूर पडल्या म्हणतात. ज्या उपदेशात कोणाला काही सोडावं लागत नाही आणि कशाची लाज वाटावी लागत नाही, त्याला टाळ्या पडतातच.

मुलांचा मुद्दा आधी उरकतो. ज्या इंद्रायणीचं नाव वक्ते घेतात, ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, देहू-आळंदीवरून जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. त्या तुळापूरला १६८९ मध्ये संभाजीराजांचे जे हाल झाले, ते मावळातल्या पोरापोराला ठाऊक असतात. राजांचं चरित्र सांगा पण शेवट गाळा, मुलं घाबरतील, असं या तालुक्यात एकदा कोणी म्हणून पाहावं.

तलवारीचा आरोप खरा आहे आणि तो झाकायचं कारण नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. क्रूस पुढे धरून ज्यांनी माणसं छळली, ते खिळे ठोकणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. तो गुन्हा त्यांच्या नावावर लिहा, ज्याला खिळे ठोकले त्याच्या नावावर लिहू नका.

आता मासा. वक्त्यांनी त्यावर भाषणाचा मोठा भाग खर्च केला आहे, आणि प्रत वाचणाऱ्या तरुण मुलांना तोच भाग सगळ्यांत बिनतोड वाटतो. जे चित्रात नाही ते विश्वासातही नव्हतं, हा त्यामागचा न्याय. या न्यायाची परीक्षा घ्यायला रोमला जायला नको, लोणावळ्याहून तासाभरात होते. कार्ल्याला जा. एकवीरेच्या देवळाजवळून चैत्यगृहात शिरा. दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, वर छताला अजून टिकून असलेल्या लाकडी कमानी आणि पार टोकाला स्तूप, त्यावर लाकडाची छत्री. त्या स्तूपावर बुद्धाचा चेहरा नाही. बाहेर दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत, पण त्या मूळ लेण्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या. समोरच्या डोंगरातलं भाज्याचं लेणं त्याहून जुनं, तिथल्या चैत्यातही स्तूपच आहे. मग दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने हे कातळ पोखरणाऱ्यांच्या मनात बुद्ध नव्हता, तो पुढे कोणीतरी आणून बसवला, असं म्हणायचं का? कोणताही शहाणा माणूस असं म्हणणार नाही. बुद्ध तिथे इतका मध्यभागी होता की त्याचा चेहरा कोरायची गरज पडली नाही. हे बौद्धांच्या बाबतीत सहज समजतं आणि ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत समजत नाही, कारण समजून घ्यायचंच नसतं.

शिवाय वधस्तंभ हा त्या काळी इतिहासातला विषय नव्हता. ती रोमन साम्राज्यातली चालू शिक्षा होती, गुलामांना आणि बंडखोरांना रस्त्याकडेला दिली जाणारी. ज्या शिक्षेत आजही आपल्या ओळखीचा माणूस तडफडतो आहे, तिचं चित्र कोण दारावर टांगेल? तरीही त्या काळच्या लोकांना ख्रिस्ती माणसं कोणाची भक्ती करतात हे पक्कं ठाऊक होतं. रोमच्या पॅलटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर खरवडलेलं चित्र सापडलं आहे. अभ्यासक ते इ.स. २०० च्या आसपासचं मानतात. गाढवाचं डोकं असलेला एक माणूस क्रुसावर आहे, खाली दुसरा एक जण हात वर करून उभा आहे आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलं आहे की अलेक्सामेनोस त्याच्या देवाला भजतो आहे. हे चित्र काढलं कोणी? ख्रिस्ती माणसाची टर उडवणाऱ्या कुणा सोबत्याने. टर उडवायला त्याने मासा निवडला नाही, डोंगरावरचं प्रवचन निवडलं नाही. या लोकांच्या वर्मावर कुठे बोट ठेवायचं हे त्या टवाळखोराला कळलं होतं. बादशहा कॉन्स्टंटाइनच्या राज्याला तेव्हा अजून शंभरएक वर्षं होती.

पौलाचंही तेच. करिंथच्या मंडळीला त्याने पत्र लिहिलं ते इ.स. ५५ च्या सुमारास, म्हणजे येशूच्या मरणानंतर पंचवीस वर्षांच्या आत. अजून एकही शुभवर्तमान लिहून झालं नव्हतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पत्रात तो स्पष्ट सांगतो की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला हे मलाही मिळालं आणि तेच मी तुमच्या हाती दिलं. ज्याने स्वतःच ‘मला मिळालं’ असं लिहून ठेवलं, त्याच्यावर ‘तू रचलंस’ असा आरोप करायचा, आणि तोही पत्र न उघडता! मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे आणि अकराव्यापासून शेवटचा आठवडा सुरू होतो. शिक्षकाचं चरित्र असं कोणी लिहितं का? ज्याची शिकवण हाच ठेवा, त्याच्या पुस्तकाची तिसऱ्या हिश्शाहून जास्त पानं त्या एका शेवटच्या आठवड्यात कशी जातील? आपण उपासनेत म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात तर कुमारी मरियेपासून थेट पंतय पिलातापर्यंत उडी आहे. मधल्या शिकवणीबद्दल त्यात एक शब्द नाही. शिकवण क्षुल्लक म्हणून ती गाळली असं मी म्हणत नाही. मंडळी कशावर उभी राहिली हे त्यातून दिसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा वाद नवा नाही. आपल्याकडे मागेही एक टूम निघाली होती की उपासनेतल्या गीतांमधून ‘रक्त’ हा शब्द काढावा, सुशिक्षित पाहुण्यांना तो खटकतो. कुठे कुठे कडवी गाळून गायलीही गेली. पाहुणे आले, गेले, पुन्हा फिरकले नाहीत. म्हाताऱ्या बायकांनी मात्र ती कडवी डोळे मिटून पाठ म्हटली. त्याआधी नुसता क्रूस की त्यावर देह असलेला क्रूस, यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांची तोंडं पाहीनात. रिकामा क्रूस म्हणजे पुनरुत्थान, असं आमच्या बाजूचे ठासून सांगत. समोरचे म्हणत, तुम्हाला जखमा पाहवत नाहीत. मी प्रॉटेस्टंट घरातला, तरी मला आज समोरच्यांचा टोमणा जास्त खरा वाटतो. पाहवत नाहीत म्हणूनच तर ही भाषणं होतात.

आता ‘क्रूर पिता’. निरपराध मुलाचा बळी घेणारा देव आम्हाला नको, असं वक्ते म्हणतात. आम्हालाही नको. पण क्रुसावर कोणी तिसराच नाही, देव स्वतः आहे, हीच तर ख्रिस्ती विश्वासाची पहिली ओळ आहे. ती विसरून आक्षेप घेतला की तो जोरदार दिसतो.

मराठी माणसाला ही भाषा परकी, हे विधान तर आमच्या इतिहासाची पानं फाडून केलेलं आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यांत येशूचं दुःखसहन विस्ताराने आलं आहे. चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीने जो विषय पेलला, तो आज मराठी गद्याला झेपत नाही? मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वांद्रे-माझगावच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, लोकांनी गल्लोगल्ली क्रूस उभारले. साल कोरलेले ते दगडी क्रूस आजही तिथे आहेत, त्यांना झेंडूच्या माळा पडतात, पायथ्याशी मेणबत्त्यांचं मेण साचलेलं असतं. घराघरांतून माणसं दगावत असताना त्यांनी सुविचारांचा फलक लावला नाही.

आणि पंडिता रमाबाई. वक्त्यांनी त्यांचं नाव आपल्या बाजूने घेतलं, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. इंग्लंडमध्ये फुलहॅमला पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी कसं सांभाळतात हे पाहून रमाबाई हलल्या, शोमरोनी स्त्रीची कथा वाचून ख्रिस्ताकडे वळल्या, हे खरं. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हरकत घेतली. लॅटिन कशाला, आमच्या संस्कृतात लिहा, असं त्यांचं म्हणणं. हरकत अक्षरांना होती, क्रुसाला नव्हती.  पण पुढचं वक्त्यांनी गाळलं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. आणि तारण स्वतःच्या कमाईने मिळवायचं नसून ते त्याच्या मरणाने मिळालेलं आहे. हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्वतः लिहिलं आहे. सेवेने त्यांना दारापर्यंत आणलं. दारातून आत गेलेल्या माणसाला आपण दारातच बसवून ठेवतो का?

आणि या रमाबाई कुठे येत? याच लोणावळ्याला. त्या काळी इथे ख्रिस्ती शिबिरं भरत. अशाच एका शिबिराला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन आल्या. एके दिवशी पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली की या पंधरांचा वर्ग कर, दोनशे पंचवीस मुली दे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने वाळलेल्या मुली त्यांनी आणल्या, त्या तीनशेच्या आसपास भरल्या, आणि दौंडकडच्या केडगावला मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. वक्त्यांना हवी असलेली सेवा ती हीच ना? मग ती कुठून आली हेही सांगा. ज्या गावात ही प्रार्थना झाली, त्याच गावात रमाबाईंचं नाव घेऊन वधस्तंभ उतरवायचा!

ना. वा. टिळकांना आधी डोंगरावरील प्रवचनाने ओढलं, हाही दाखला त्या भाषणात आहे. खराच आहे. पण ते प्रवचन शांतपणे वाचलंय कोणी? भावावरचा राग म्हणजे खून, वासनेची नजर म्हणजे व्यभिचार, शत्रूवर प्रेम करा. ते ऐकून माणूस सुखावत नाही, उघडा पडतो. ज्ञानदेव-तुकोबांच्या या मुलखात चांगल्या उपदेशाची टंचाई कधी होती? आणखी एक उपदेशक हवा म्हणून कोणी जात, घर, भाऊबंद सोडले नाहीत. उघड्या पडलेल्या माणसाने पुढे जायचं कुठे, याचं उत्तर त्या प्रवचनाच्या तीन अध्यायांत नाही. ते यरुशलेमेच्या वेशीबाहेर आहे.

वेशीबाहेर, हे मी मुद्दाम लिहिलं. येशूला शहराबाहेर नेऊन मारलं. नगर-पुण्याकडच्या ज्या आजी-आजोबांनी ख्रिस्त धरला, त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. त्यांना पाण्याला शिवू देत नसत, देवळाची पायरी चढू देत नसत. त्यांना डोंगरावरच्या शिक्षकाआधी कळला तो गावाने बाहेर काढलेला देव. आपल्यासारखाच बाहेर टाकलेला, आणि तरी सगळ्या गावाचं पाप स्वतःवर घेऊन मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा. हे समजायला त्यांना कोणता ग्रंथ लागला नाही. आज त्यांच्या शिकल्यासवरलेल्या नातवंडांसमोर उभं राहून, तुमच्या आजीचा विश्वास रानटी होता, असं सांगायचं धाडस कोणाला होत असेल तर ते त्याने सरळ शब्दांत सांगावं, सेवा आणि शांतीच्या आडून सांगू नये.

लोणावळा, खंडाळा, कामशेत आणि तळेगावच्या पाळकांना माझी विनंती आहे. येत्या उत्तम शुक्रवारी क्रुसावरचे सातही उद्गार पूर्ण घ्या. वेळ कमी पडला तर स्वागत कापा, आभार कापा, पाहुण्यांचं भाषण कापा. आणि ज्यांना वधस्तंभाचा संदेश द्यायचा नाही, त्यांनी त्या दिवशी व्यासपीठ दुसऱ्यासाठी मोकळं करावं.