ट्रॅकसूट घातला तरच नदी आपली?

मैत्रिणींनो, पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर लांबीचा काठ ‘विकसित’ होतो आहे. मार्च २०२२ मध्ये कामाचा नारळ फुटला. खर्चाचा अंदाज साडेचार हजार कोटींच्या पुढे. चालायला फरसबंद वाट, सायकलीसाठी मार्ग, बसायला पायऱ्या. बंडगार्डनजवळचा नमुन्याचा तुकडा पाहून आलेल्या आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, छान वाटलं. वाटेलच! ज्या शहरात बाईला धड पदपथ मिळत नाही, तिथे वाहनाचा धक्का न खाता शंभर पावले चालणे हीसुद्धा चैनच.

पात्र आवळल्याने पूर वाढेल, झाडे जातील, यावर पर्यावरणवादी मंडळी भांडत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर झाडांना मिठ्या मारायला जमले, तेव्हा रेणी गावच्या बायकांनी १९७४ साली दाखवलेलीच वाट त्यांनी धरली. त्या लढ्यात आपण आहोतच. पण त्यातही एक प्रश्न मागे पडतो, आणि तो आपणच विचारायला हवा. हा काठ कोणत्या बाईसाठी?

अशा प्रकल्पांच्या चित्रांत एक बाई हमखास असते. ट्रॅकसूट घातलेली, कानात वायर, धावणारी. दुसरी हेल्मेट घालून सायकलवर. कणसे भाजणारी नसते. गोधड्या धुणारी नसते. चार घरची धुणीभांडी उरकून पिशवी सांभाळत पूल ओलांडणारीही नसते. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, आणि पायी कामाला जाणारीला लांबचा वळसा पडतो. उशीर झाला तर बोलणी, खाडा झाला तर पगाराला कात्री. शहरात सगळ्यांत जास्त चालणारी बाई हीच. तिच्या चालण्याला मात्र कोणी ‘वॉकिंग’ म्हणत नाही!

पुण्यापुढे नमुना ठेवला आहे तो अहमदाबादचा. तिथे साबरमतीच्या काठावरून दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलवली गेली, त्यांतली कितीतरी शहराच्या पार कडेला. घराच्या बदल्यात घर मिळाले, असे हिशेबात दिसते. पायी गाठता येणारे बाईचे काम गेले, ते कोणत्या रकान्यात मांडले? त्याच काठावर २०२२ मध्ये पादचाऱ्यांसाठी अटल पूल झाला आणि त्यावर पाऊल ठेवायला मोठ्या माणसाला ३० रुपये तिकीट लागले. नदीवरून चालायचे पैसे!

यावर ठरलेले उत्तर येते: अहो, हे बायकांच्या सुरक्षिततेसाठीच आहे. दिवे, कॅमेरे, फाटक, शिट्टी वाजवणारा रखवालदार. दिवे हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण फेरीवाल्यांना हाकलून, वेळेवर फाटक लावून रिकामा केलेला काठ सुरक्षित कसा? कॅमेरा झालेला प्रकार टिपून ठेवतो. कोणी पोरीच्या मागे लागला तर शेगडीपुढची कणीसवाली तिथल्या तिथे आरडाओरडा करते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. काठावर कोण बसणार, हे त्या बायकांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली आलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल मांडले, की बाईला बाहेर पडताना काहीतरी काम दाखवावे लागते. उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. व्यायाम हे तसलेच एक सभ्य कारण. पुरुष कट्ट्यावर तासन्‌तास बसतो, त्याला कोण विचारते? आपल्यालाही तसेच बसायचे आहे, साडीत, बुरख्यात, कष्टाने घामेजलेल्या अंगाने, संध्याकाळी आठ वाजता.

सायकलीचेही तेच. काठावर सुरू होऊन काठावरच संपणारा मार्ग रविवारच्या फेरीला ठीक आहे. मुंढव्याकडे कामाला जाणारीला तो वस्तीच्या गल्लीपासून कामाच्या दारापर्यंत जोडून हवा. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला होता. नदीकाठचे काम त्याच्याशी कुठे जोडले आहे, ते नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हणावे.

आणि प्रभाग कार्यालयात जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. वस्तीच्या बाजूने काठावर उतरायला दर किती अंतरावर वाट आहे? आणि बायकांच्या संडासाची किल्ली कोणाकडे असते?