विचारणे आधी की ठरविणे आधी?

परमेश्वराचे मार्गदर्शन घ्यावे आणि मगच कार्याला हात घालावा, ही गोष्ट ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाच्या कानांवर पाळण्यापासून पडत असते. लग्नाच्या वेळी प्रार्थना होते, घराचा पाया घालताना होते, नोकरीवर रुजू होताना होते. मंडळीच्या कमिटीची सभाही प्रार्थनेवाचून सुरू होत नाही. तेव्हा ह्या विषयावर आणखी लिहावयाचे काय उरले, असे वाचक म्हणतील. माझे म्हणणे एवढेच की, ह्यांतील पुष्कळशा प्रार्थना उशिरा होतात. लग्न ठरल्यावर, जागा घेतल्यावर, नेमणुकीचा कागद हाती पडल्यावर आपण देवाकडे वळतो. त्याला देवाला विचारणे म्हणावे की काय, ह्याची मला शंका आहे. कारकुनाने तयार कागद साहेबाच्या मेजावर सहीसाठी ठेवावा, तसा तो प्रकार होय.

ह्या प्रकाराचे एक हुबेहूब चित्र यिर्मयाच्या पुस्तकात शेवटाकडे आढळते. रविवारच्या शाळेत ते फारसे कोणी शिकवीत नाही. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि थोरामोठ्यांना कैद करून नेले. मागे राहिलेल्या गोरगरिबांवर गदल्या नावाचा एक अधिकारी नेमला गेला. राजवंशातील इश्माएलाने त्याचा खून केला. आता बाबेलचा राजा ह्याचा सूड आपणांवर उगवील, ह्या धास्तीने उरलेसुरले लोक योहानान नामक सरदाराच्या मागोमाग निघाले आणि बेथलेहेमाजवळ येऊन उतरले. तेथे लहानथोर सर्वांनी मिळून यिर्मया संदेष्ट्याला विनविले की, आम्ही कोणत्या वाटेने जावे हे तू देवाला विचार. उत्तर आम्हांस रुचो वा न रुचो, आम्ही ते मानू. ह्याहून नम्र बोल कोणत्या भक्ताने बोलावेत! दहा दिवसांनी उत्तर आले: ह्याच देशात राहा, बाबेलच्या राजाला भिऊ नका, मिसर देशात जाऊ नका. ते ऐकताच त्याच मंडळींनी संदेष्ट्याला खोटे ठरविले. त्याचा लेखनिक बारूख त्याला आमच्याविरुद्ध चिथावतो, असा आरोप केला आणि मिसराची वाट धरली. जाताना चाळीस वर्षे संदेश सांगून थकलेल्या यिर्मयालाही बरोबर नेले.

ह्या कथेचे मर्म तिच्या आरंभीच येऊन गेले आहे. हे लोक बेथलेहेमाजवळ उतरले, ते मिसरास जाण्याच्या बेतानेच, असे शास्त्रकर्त्याने प्रार्थनेची हकीकत सांगण्यापूर्वीच लिहून ठेवले आहे. बोचकी आधीच बांधलेली होती. त्या लोकांना ढोंगी म्हणण्यास माझे मन धजत नाही. आपले शहर जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, लेकरेबाळे बरोबर होती, आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती. आपण मोकळ्या मनाने विचारीत आहो, असे त्यांना खरोखरच वाटत असावे. बांधलेले बोचके बांधणाऱ्याला बहुधा दिसत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुलगा सहावी-सातवीत असतो, तेव्हाच त्याने डॉक्टर व्हावे की इंजिनिअर व्हावे ह्याचा निर्णय होऊन जातो. शिकवणीचे पैसे भरले जातात, नातलगांत बोलवा होतो, आणि दहावीचा निकाल लागला म्हणजे पाळकसाहेबांना घरी बोलावून, ‘प्रभू, ह्याला तुझा मार्ग दाखव’ अशी प्रार्थना होते. मुलाला चित्रकला हवी असते, शेती हवी असते, कधी शिक्षकाचा पेशा हवा असतो. (हा शेवटचा प्रकार अलीकडे दुर्मीळ झाला आहे, हे खेदाने लिहावे लागते.) परंतु आईबापांच्या इच्छेवर एकदा देवाच्या नावाची मोहोर उमटली की, त्या बिचाऱ्याला तोंड उघडावयास जागा राहत नाही. पूर्वी तो ‘नको’ म्हणाला असता, तर बापाला नको म्हटल्यासारखे झाले असते. आता ते देवाला नको म्हटल्यासारखे होते. पंधरा वर्षांच्या मुलावर एवढा भार घालण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आमच्या शाळेत अन्य धर्मांचीही पुष्कळ मुले आहेत. त्यांच्या घरी देवाचे नाव निराळे असेल, पण हा प्रसंग निराळा असेल असे मला वाटत नाही.

मग मार्गदर्शन ओळखावे कसे, असे मोठ्या इयत्तांतील मुले विचारतात. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि बोट पडेल ते वचन उत्तर समजावे, ही रीत काहींना प्रिय असते. मला ती कौल लावण्यासारखी वाटते. देवाने दिलेली बुद्धी तीत निरुपयोगी ठरते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाचा प्रवास पाहावा. आसियात वचन सांगू नये अशी मनाई झाली. बिथुनियाकडे जाऊ पाहिले, तीही वाट बंद झाली. शेवटी त्रोवस येथे रात्री मसिदोनियाचा एक मनुष्य साहाय्यासाठी बोलावीत असल्याचा दृष्टान्त त्याला झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. अनुमान मात्र ‘आम्ही’ बांधले, असे लूक लिहितो. म्हणजे सोबत्यांनी मिळून विचार केला. आणि एवढे मार्गदर्शन घेऊन गेलेल्या पौलाला फिलिप्पैत काय मिळाले? फटके आणि तुरुंग. काम सुरळीत झाले म्हणजे देवाची इच्छा होती, अडले म्हणजे नव्हती, हा आपला हिशेब तेथे लागू पडत नाही.

आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आहे. मिशनमधील बऱ्याच वर्षांची पगारी सेवा त्यांनी १९१७ साली सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. १९१९ साली ते निवर्तले; दरबार मनासारखा उभा राहिला नव्हता. म्हणून त्यांनी देवाचा आवाज चुकीचा ऐकला, असे मी तरी म्हणणार नाही.

विचारण्याच्या निमित्ताने कर्तव्य टाळणारेही असतात. शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली असता मार्गदर्शनासाठी गुडघे टेकावयाचे नसतात. बादली उचलावयाची असते. शोमरोनी मनुष्य वाटेवर पडलेल्या जखमी माणसापाशी थांबला, तेव्हा त्याने काही विचारल्याचे लिहिलेले नाही. जेथे आज्ञा स्पष्ट आहे तेथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दोन चांगल्या वाटा समोर असताना, आणि त्यांतील एक आपणांस फार आवडत असताना.

पालकांस एक विनंती आहे. निकाल लागल्यावर अर्ज भरावयास काही दिवस मिळतात. त्यांतील एका संध्याकाळी मुलाला जवळ बसवून त्याला काय करावेसे वाटते हे प्रथम विचारावे. तो बोलून होईपर्यंत आपण बोलू नये. प्रार्थना त्यानंतर करावी, आणि अर्जातील विषयाची जागा तोवर कोरी ठेवावी.