वाइन नाशिकची, पण शिराझ पिकवणारा कुठाय?

वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेला. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हाही तेच. वाइन म्हणजे दारू की नाही, यावरच सगळे तुटून पडले. निर्णय शेतकऱ्यासाठी आहे असं सरकार म्हणत होतं. पण शेतकऱ्याला नक्की काय मिळणार, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

आता आपल्या शिराझचंच घ्या. नावावरून इराणचं वाटतं, पण हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या रोन खोऱ्यातलं. तिथे त्याला सिरा म्हणतात. आज दिंडोरी, निफाड भागात त्याच्या बागा आहेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. गर जवळजवळ पांढराच, रेड वाइनला रंग येतो तो सालीतून. म्हणून रस सालीसकट आंबवतात.

वाइनसाठी जे गुण, तेच बाजारात दोष. थॉमसनचा सौदा एका व्यापाऱ्याने मोडला तर दुसरा बघता येतो, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराझचं काय करणार? बियांचं, जाड सालीचं द्राक्ष हातगाडीवर कोण घेणार? म्हणजे गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने माल उचलला नाही की घड वेलीवरच राहणार. २००८ नंतरच्या मंदीत हेच झालं. वायनऱ्या अडचणीत आल्या आणि नाशिकच्या शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. लक्षात घ्या, नवीन बाग धरायला दोन-तीन वर्षं जातात. मांडवाचा खर्च वेगळाच.

उसाला निदान एफआरपी आहे. १४ दिवसांत पैसे द्यायचे असं कायदा सांगतो. कारखाने थकवतात हे खरं, पण रस्त्यावर उतरायला हातात कायदा तरी असतो. शिराझवाल्याच्या हातात फक्त कराराचा कागद.

वायनरीवाल्यांची बाजूही आहे. रेड वाइन मुरायला महिनोन्‌महिने लागतात, पैसा अडकून पडतो. मान्य. पण सोसायटीचं कर्ज वाइन मुरेपर्यंत थांबतं का? औषधाचं बिल थांबतं का? वाइन मुरवायचा खर्च शेतकऱ्याच्या उधारीवर का चालावा?

उपाय अवघड नाही. राज्य सरकार वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनऱ्यांना परत देतं. तो पैसा तुमचा-आमचा. मग एकच अट घाला: करारातला माल उचलल्याचा आणि ठरलेल्या दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा केल्याचा पुरावा द्या, मगच परतावा. नवा कायदा नको, नवा विभाग नको. चोख पैसे देणाऱ्या वायनऱ्यांचं यात काहीच जात नाही. उलट, थकवणाऱ्यांशी त्यांची बरोबरी होणं थांबेल.

वाइन प्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या वादात पडायचं नाही. पण ज्या उद्योगाला सरकार शेतकऱ्याच्या नावाने सवलत देतं, त्याने आधी शेतकऱ्याचा हिशोब चुकता करावा, एवढं तरी मागायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात कुणी वाइनचं द्राक्ष लावलंय का? पैसे किती दिवसांत मिळतात? कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त तालुका आणि दिवस सांगा.