ऑनलाइन प्रमाणपत्रे: तत्परता यंत्राची, जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठी शिक्षकांना विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन पद्धतीने झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने देशातील प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा व्यक्त केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं' या व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा विद्यार्थ्यांना मिळू शकते. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र हा आता फायलीत ठेवून विसरण्याचा कागद राहिलेला नाही. त्यावर वेतन आणि पदवी अवलंबून राहू लागली आहे.

पूर्वी प्रशिक्षण केंद्रावर हजेरीपट असे, लिपिक नावे लिहीत, प्राचार्य स्वाक्षरी करीत आणि त्यावर गोल शिक्का उमटे. आता हे काम आज्ञावली करते. ठरवून दिलेल्या अटी पूर्ण झाल्या की ती शिकणाऱ्याच्या खात्यातून नाव घेते, अभ्यासक्रमाचे नाव व तारीख साच्यात भरते, स्वतंत्र क्रमांक देते, क्यूआर कोड जोडते आणि प्रमाणपत्र तयार करते. या बदलाला पर्याय नव्हता, हेही मान्य करायला हवे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणाचे उद्दिष्ट सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांचे होते आणि कोरोनाच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून ते 'दीक्षा' व्यासपीठावर आणावे लागले. एवढी प्रमाणपत्रे हाताने लिहायची म्हटली असती, तर कित्येक शिक्षक निवृत्त झाल्यावरच ती त्यांच्या हाती पडली असती.

मात्र यंत्र केवळ अट तपासते. अट काय असावी, हे माणसेच ठरवतात, आणि खरा फरक तेथे पडतो. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या 'एनपीटेल' उपक्रमात नावनोंदणी विनामूल्य आहे. परंतु प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित राहावे लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांचा वाटा २५ आणि परीक्षेचा ७५ असतो. स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण, अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. घरी बसून सोडवलेल्या स्वाध्यायांवर कोणी कितीही गुण मिळवले, तरी परीक्षेविना प्रमाणपत्र मिळत नाही. 'निष्ठा'च्या माध्यमिक स्तरावरील टप्प्यात मात्र ऑनलाइन मूल्यमापनात ७० टक्के गुण मिळवणे ही अट होती. प्रश्नमंजुषा कोण सोडवत आहे, हे पाहणारा पर्यवेक्षक तेथे नसतो. दोन्ही ठिकाणी कागदावर 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' असेच उमटते. पण त्या शब्दांमागचा पुरावा सारखा नसतो.

ही शंका निराधार नाही. हार्वर्ड व एमआयटीतील संशोधकांनी २०१५ मध्ये दोन विद्यापीठांच्या ११५ ऑनलाइन अभ्यासक्रमांची माहिती तपासली. एका खात्यातून चुकीची उत्तरे देऊन बरोबर उत्तरे जाणून घ्यायची आणि दुसऱ्या खात्यातून ती भरून प्रमाणपत्र मिळवायचे, ही क्लृप्ती त्यांना आढळली. अशी प्रमाणपत्रे १,२३७ निघाली. ज्या ६९ अभ्यासक्रमांत हा प्रकार झाला, तेथील प्रमाणपत्रांच्या तुलनेत हे प्रमाण १.३ टक्के होते. आकडा लहान वाटेल. परंतु २० किंवा अधिक प्रमाणपत्रे मिळवणाऱ्यांपैकी २५ टक्के जणांनी ही युक्ती वापरली होती. प्रमाणपत्रांच्या संख्येवरून योग्यता ठरवणाऱ्या निवड समित्यांनी या आकड्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

सत्यतेच्या पडताळणीबाबतही गैरसमज आहेत. क्यूआर कोड म्हणजे खात्री, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो केवळ एका संकेतस्थळाकडे नेणारा दुवा असतो आणि बनावट प्रमाणपत्रावरील कोड बनावट पानाकडेही नेऊ शकतो. पान उघडले की संकेतस्थळाचा पत्ता वाचणे, ही तपासणाऱ्याची किमान जबाबदारी होय. तसेच स्वाक्षरीचे चिकटवलेले चित्र ही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्य केलेली डिजिटल स्वाक्षरी नव्हे. त्या मानाने संस्थेने 'डिजिलॉकर'मध्ये थेट उपलब्ध करून दिलेले प्रमाणपत्र अधिक भरवशाचे आहे. कायद्याच्या नियमांनुसार ते मूळ कागदपत्राच्या बरोबरीचे मानले जाते.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो मात्र नावामुळे. महाराष्ट्रात दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधार पत्रावर बहुधा शेवटी. विवाहानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेचे सेवापुस्तकातील नाव एक आणि पदवीवरील दुसरे, हे नित्याचेच. अनेकांनी घाईत खाते उघडताना केवळ स्वतःचे नाव किंवा आद्याक्षरे लिहिलेली असतात. यंत्र ती जशीच्या तशी छापते. देवनागरीत छपाई असेल, तर साच्याच्या सदोष रचनेमुळे जोडाक्षरे फुटून वेलांटी भलत्याच अक्षराला लागण्याचा धोका वेगळाच. पूर्वी लिपिकाच्या टेबलापाशी उभे राहून ही चूक तेथल्या तेथे दुरुस्त करून घेता येत असे. आता टेबलही नाही आणि लिपिकही नाही.

अशी दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर करता येते, याचे उदाहरण देशासमोर आहे. कोरोना लसीकरणाची प्रमाणपत्रेही याच पद्धतीने आपोआप तयार होत होती आणि त्यांतही नावांच्या चुका होत होत्या. जून २०२१ मध्ये 'कोविन'वर नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांतील चूक नागरिकाला स्वतः दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. प्रशिक्षण प्रमाणपत्रांसाठीही अशी सोय हवी. शिवाय चूक दुरुस्त होईपर्यंत संबंधिताचा वेतनश्रेणीचा प्रस्ताव अडवला जाणार नाही, असे लेखी आदेशही हवेत. तोपर्यंत अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीच खात्यातील नाव सेवापुस्तकातील किंवा विद्यापीठाच्या नोंदीतील नावाशी अक्षरशः ताडून पाहणे शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या हाती आहे.